आग्रा रोडचा माग



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हाला भूगोल शिकवला. नकाशा काढायला बसवलं की आधी नद्या, मग डोंगर, मग गावं, आणि रस्ते सगळ्यांत शेवटी, असा त्यांचा क्रम होता. नद्या-डोंगर शाईनं काढायचे. रस्ता मात्र पेन्सिलीनं. एकदा मी विचारलं, असं का? गुरुजी म्हणाले, "रस्ता खोडावा लागतो रे." त्या वेळी मला वाटलं, आमच्या हातून चुकतो म्हणून खोडावा लागतो. आज पन्नास वर्षांनी त्या वाक्याचा खरा अर्थ लागलाय. आजचा माझा विषय तोच आहे, आणि त्यासाठी मी आपल्या पायाखालचाच रस्ता निवडलाय.

धुळ्याच्या या सभागृहातून बाहेर पडून पाचकंदिलाच्या दिशेनं निघालं की आपण आग्रा रोडवर येतो. कापड, भांडी, सोनं, लग्नाचा बस्ता, सगळी खरेदी तिथंच. धुळ्यातल्या लहान पोरालाही आग्रा रोड माहीत असतो. पण आग्र्याला कोण निघालंय, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. मुंबईत कुर्ला, घाटकोपर, भांडुप, मुलुंड असा जाणारा लालबहादूर शास्त्री मार्ग जुन्या माणसांच्या तोंडी अजून आग्रा रोडच आहे. भिवंडीत आग्रा रोड आहे, नाशकात जुना आग्रा रोड आहे. सातपुडा ओलांडून इंदूरला गेलं की तोच रस्ता एबी रोड होतो, म्हणजे आग्रा-बॉम्बे रोड. देवासला, शिवपुरीला, ग्वाल्हेरलाही तो एबी रोड. आपण त्याला दूरच्या टोकाच्या नावानं ओळखतो आणि मधले लोक दोन्ही टोकांच्या. एकच रस्ता आहे आणि तो कुठून कुठं जातो हे त्याच्या नावातच सांगितलेलं आहे.

सरकारदरबारी तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३ होता. लांबी १,१६१ किलोमीटर. त्यातले ३९१ किलोमीटर महाराष्ट्रात, ७१२ मध्य प्रदेशात, ३२ राजस्थानात आणि अखेरचे २६ उत्तर प्रदेशात. मुंबई, ठाणे, कसारा घाट, नाशिक, चांदवड, मालेगाव, धुळे, शिरपूर. मग सेंधवा, खलघाट, इंदूर, देवास, शाजापूर, ब्यावरा, गुना, शिवपुरी, ग्वाल्हेर, मुरैना. चंबळ ओलांडून ढोलपूर आणि शेवटी आग्रा. २०१० मध्ये देशभरच्या महामार्गांना नवे क्रमांक दिले गेले. त्यात या रस्त्याचे तुकडे झाले. आग्रा ते ग्वाल्हेर हा भाग ४४ क्रमांकात गेला. ग्वाल्हेर ते ब्यावरा ४६ मध्ये. ब्यावरा ते धुळे ५२ मध्ये, आणि हा ५२ पंजाबातल्या संगरूरहून निघून कर्नाटकात अंकोल्याला समुद्र गाठतो. धुळे ते नाशिक ६० मध्ये, त्यापुढचा ठाण्याचा भाग आणखी निराळा. देशाच्या जाळ्याला एक पद्धत असावी, हे मला पटतं. पण एका रस्त्याचा सलग विचार करायचा असेल, तर कागदावर आज तो रस्ताच उरलेला नाही.

आता गुरुजींच्या पेन्सिलीकडे येतो.

दक्षिणेतून आग्र्याला जाण्याची जुनी राजवाट आपल्या धुळ्यावरून जात नव्हती. ती बऱ्हाणपुरावरून जायची. बऱ्हाणपूर, हंडियाला नर्मदा, मग सिरोंज, नरवर, ग्वाल्हेर, ढोलपूर, आग्रा. सुरतेहून येणारे व्यापारीही बऱ्हाणपूर गाठून याच वाटेला लागत. सतराव्या शतकात तॅव्हर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या तिनंच आग्र्याला गेला. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंची फौज पानिपताकडे निघाली तीही बऱ्हाणपूर, हंडिया, सिरोंज करत. ऐन पावसाळ्यात ढोलपूरपाशी चंबळ उतरून ती आग्र्याकडे सरकली. शिवाजी महाराज १६६६ च्या मार्चमध्ये राजगडाहून निघाले, औरंगाबादेवरून उत्तरेला गेले आणि मे महिन्यात आग्र्याला पोचले. परतीच्या वाटेबद्दल अभ्यासकांत वाद आहेत, त्यात मी शिरत नाही.

याच वाटेवरची आणखी एक गोष्ट आपल्या इतिहासात फार मोठी आहे. औरंगजेब १७०७ मध्ये वारला. त्याचा मुलगा आझमशहा तख्तासाठी लगबगीनं आग्र्याकडे निघाला, आणि वाटेत भोपाळजवळच्या दोराह्याच्या मुक्कामी त्यानं शाहू महाराजांना सोडलं. आझम पुढं गेला आणि जूनमध्ये आग्रा-ढोलपूर रस्त्यावरच्या जाजऊला भावाशी लढताना मारला गेला. शाहू महाराज दक्षिणेकडे वळले, नर्मदा उतरून खानदेशात आले. एकाच रस्त्यावर दोघांनी दोन दिशा धरल्या. पुढची पेशवाई, माळवा, ग्वाल्हेर, इंदूर, देवास हे सगळं त्या दुसऱ्या दिशेतून उभं राहिलं.

नकाशा समोर धरला तर दिसतं, की ग्वाल्हेर ते आग्रा हा तुकडा तेव्हाही तोच होता आणि आजही तोच आहे. चंबळेच्या दोन्ही काठांना मैलोगणती बेहड, म्हणजे पाण्यानं कोरलेल्या घळी. त्यांतून माणूस जाईल, लष्कर आणि गाडा जात नाही. जिथं उतार सापडला, तिथंच वाट बसली. पण ग्वाल्हेरच्या दक्षिणेला वाट चांगलीच पश्चिमेकडे सरकली. बऱ्हाणपूर सुटलं, हंडिया सुटलं, सिरोंज आडरानात पडलं. आणि इंदूर, सेंधवा, धुळे, मालेगाव रस्त्यावर आले. हे कोणी केलं?

माझं उत्तर असं आहे. १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरला होळकरांचा पराभव झाला. १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला, महूला इंग्रजांची छावणी पडली, होळकरांची राजधानी महेश्वरच्या बाजूनं इंदूरला आली. त्याच वर्षी पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनीच्या हाती गेला. कॅप्टन ब्रिग्ज इथं आला आणि त्यानं पांझरेच्या काठी नव्या धुळ्याची आखणी केली. सरळ रेषेत, काटकोनात जाणारे आपले बोळ ही त्या आखणीची खूण. आता मुंबईच्या बंदराला महूच्या छावणीशी जोडणारी वाट हवी होती. सैन्याच्या मागोमाग माल आला, आणि तो माल कोणता होता हेही स्पष्ट सांगितलं पाहिजे. १८३० नंतर माळव्यातल्या अफूवर परवान्याचा पैसा घेऊन इंग्रजांनी ती मुंबईमार्गे चीनला जाऊ दिली. इंदूर ही तिची मोठी पेठ. माळव्याची अफू सातपुडा उतरून समुद्राकडे येत होती. मुंबईत त्या पैशानं हवेल्या आणि धर्मादाय संस्था उभ्या राहिल्या. आपल्या रस्त्याच्या पायात खडी आहे तशी ही अफूही आहे.

म्हणून म्हणतो, डोंगर आणि नदी यांनी चार-पाच ठिकाणं पक्की केली: थळ म्हणजेच कसारा घाट, सातपुड्याची खिंड, नर्मदेचा उतार, चंबळेचा उतार. मधलं सगळं माणसांनी ठरवलं, कधी फौजेसाठी, कधी बाजारासाठी. धुळं आग्रा रोडवर आलं त्यात दैवाचा भाग नव्हता. तो कुणीतरी घेतलेला निर्णय होता, आणि घेतलेला निर्णय फिरवताही येतो.

एकदा तो फिरलाही. १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे वर आली आणि मनमाड, चाळीसगाव, भुसावळ, खांडवा अशी पूर्वेला निघून गेली. लांबचा माल रुळांवर गेला. आग्रा रोडला बैलगाड्या, टपाल आणि यात्रेकरू उरले. चाळीसगावहून एक शाखा १९०० मध्ये धुळ्याला आली. पण धुळ्याहून उत्तरेला इंदूरकडे जाणारी गाडी नाही ती नाहीच. खानदेश आणि निमाड-माळवा यांच्यामधला मोठा भार या रस्त्यावर पडला, याचं मूळ कारण हे. मनमाड ते इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या लोहमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली ती २०२४ च्या सप्टेंबरात. खर्चाचा अंदाज १८,०३६ कोटी रुपये. आपल्या आज्यापणज्यांनी ज्याची वाट पाहिली, ते काम आता कुठं कागदावरून जमिनीवर येतंय.

या रस्त्याला भेटायचं तर घाटात भेटावं. प्रत्येक घाटापाशी एक देवी बसलेली आहे, हे तुमच्या लक्षात आलंय का? कसारा चढून इगतपुरीला आलात की घाटनदेवी. चांदवडला डोंगराच्या पोटात रेणुकामाता, महामार्गाला लागूनच. आणि सातपुडा ओलांडताना सेंधव्याच्या अलीकडे बिजासनी. या तिन्ही ठिकाणी गाड्या थांबतात. जिथं जीव मुठीत धरावा लागतो तिथं माणसानं आईला हाक मारली.

गेल्या वर्षी मी उमराण्याहून कांद्याच्या ट्रकमध्ये बसून ग्वाल्हेरपर्यंत गेलो, आणि त्याच ट्रकनं परत आलो. येताना इंदूरहून सोयाबीनची पेंड भरलेली होती. चालक शिरपूरकडचा, पन्नाशीचा, तेवीस वर्षं याच रस्त्यावर. दिवेलागणीला आम्ही बिजासनच्या माथ्यावर पोचलो. त्यानं गाडी कडेला घेतली, चप्पल काढून देवीपुढं नारळ फोडला, अर्धी वाटी माझ्या हातात दिली. मग सीटखालचा लोखंडी दांडका काढला आणि एकेका टायरवर ठोकत गाडीला फेरी घातली. भरल्या टायरचा आवाज टणक येतो, हवा कमी असली तर भद्द येतो. आठव्या टायरपाशी तो थांबला, पुन्हा ठोकला, कान लावला, मान हलवली. केबिनमध्ये बसल्यावर त्यानं गाडी खालच्या गिअरमध्ये टाकली आणि मला अहिराणीत म्हणाला, "भाऊ, घाटमा गाडी गियरवर उतारनी, ब्रेकवर नही."

याचा अर्थ मला त्यानं तो घाट उतरता उतरता समजावला. भरलेली गाडी उतारावर पायाच्या ब्रेकवर धरून ठेवली की ड्रम तापतात, लायनर जळतात, आणि मग कितीही दाबलं तरी ब्रेक धरत नाही. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागं ओढून धरतं. पण त्यात वेळ जातो, आणि डिझेलही जास्त जातं असा अनेकांचा समज असतो. मालकानं डिझेल मोजून दिलेलं असतं, माल पोचवायची वेळ ठरलेली असते. म्हणून काही जण गाडी न्यूट्रल करतात आणि ब्रेकवर उतरवतात. आमच्या पुढं एक ट्रक तसाच उतरत होता. काच खाली होती, आणि लायनर जळाल्याचा तो कडवट वास आमच्या केबिनमध्ये भरला. चालकानं काही न बोलता अंतर वाढवलं. त्यानंतर घाट संपून पळासनेरचे दिवे दिसेपर्यंत तो एक शब्द बोलला नाही.

त्याच पळासनेरला ४ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातून उतरत आलेल्या एका ट्रकचे ब्रेक निकामी झाले. वाटेतल्या गाड्यांना धडकत तो रस्त्यालगतच्या हॉटेलात घुसला. दहा माणसं गेली, त्यांत बसची वाट पाहत उभी असलेलीही होती. घाट एका राज्यात, उताराचा शेवट दुसऱ्या राज्यात. वर चूक होते आणि खाली माणसं मरतात. वरचा पोलीस वेगळा, खालचा वेगळा, रुग्णवाहिका वेगळी. अशा ठिकाणी सलग रस्त्याचा विचार करणारं कुणी नसेल, तर त्याची किंमत कोण देतं, हे पळासनेरनं पाहिलंय.

खलघाटचं दुःखही आपलंच. १८ जुलै २०२२ ला इंदूरहून अमळनेरला निघालेली एसटी खलघाटच्या पुलावरून नर्मदेत कोसळली. बारा जण गेले. आजही ट्रक त्या पुलावर आला की चालक नदीला हात जोडतो.

नर्मदेपलीकडे रस्ता मोकळा श्वास घेतो. महूची छावणी लागते. तिथं १४ एप्रिल १८९१ ला बाबासाहेबांचा जन्म झाला. इंदूर, देवास ही गावं तुम्हाला ठाऊक आहेत, त्यांवर फार बोलत नाही. फक्त देवासला टेकडीखालच्या घराचं नाव काढतो. १९४८ मध्ये क्षयानं ग्रासलेले कुमार गंधर्व कोरडी हवा मानवेल म्हणून तिथं आले आणि माळव्यातल्या बायकांची लोकगीतं ऐकत बरे झाले. त्याच्या कितीतरी आधी उलटा प्रवास झाला होता. ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशींकडे शिकून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ख्याल महाराष्ट्रात आणला आणि विष्णु दिगंबर पलुस्करांसारखे शिष्य घडवले. आज आपण ज्याला महाराष्ट्राचं गाणं म्हणतो त्याचा एक मोठा प्रवाह या दिशेनं आलेला आहे.

शिवपुरीत मी मुद्दाम उतरलो. येवल्यात जन्मलेल्या तात्या टोप्यांना १८ एप्रिल १८५९ रोजी तिथं फाशी दिलं. येवलं चांदवडपासून दूर नाही. जन्म रस्त्याच्या एका टोकाला, मरण दुसऱ्या टोकाकडे. पुतळ्यासमोर एक फुलवाला होता. मी नाशिककडचा म्हटल्यावर त्यानं झेंडूच्या माळेचे पैसे घेतले नाहीत. शिवपुरीच्या जंगलातूनच हा महामार्ग जातो, आणि त्या माधव राष्ट्रीय उद्यानात २०२३ मध्ये पुन्हा वाघ आणून सोडलेत.

पुढं चंबळ. आणि इथं मला धुळ्याचा तुरुंग आठवला. १९३२ मध्ये विनोबांनी आपल्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. धुळेकर ही गोष्ट अभिमानानं सांगतात. तिचा दुसरा भाग आपण सांगत नाही. अठ्ठावीस वर्षांनी, १९६० च्या मे महिन्यात, तेच विनोबा भिंड-मुरैनाच्या बेहडांत पायी हिंडले आणि वीस बागींनी, म्हणजे दरोडेखोरांनी, त्यांच्यापुढं बंदुका ठेवल्या. बारा वर्षांनी, १९७२ मध्ये, मुरैना जिल्ह्यातल्या जौऱ्याला जयप्रकाश नारायणांसमोर त्याहून कितीतरी अधिक जणांनी शस्त्रं खाली ठेवली. पुलावर उभं राहून मी ते पिवळट कडे पाहिले. खाली संथ, निळं पाणी आणि वाळूवर पहुडलेली सुसर. ज्या गीतेचा अर्थ पांझरेकाठच्या बराकीत सांगितला गेला, तो इथं बंदूकवाल्यांनी ऐकला. आग्रा रोडची दोन टोकं मला त्या क्षणी जितकी जवळ वाटली तितकी नकाशात कधी वाटली नव्हती.

आता आजचं बोलतो. दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्ग होतोय. तो कोटा, मंदसौर, रतलाम, झाबुआ करत गुजरातमधून मुंबईला येतो. खानदेश त्याच्या वाटेवर नाही. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला आणि कसारा घाटाला पर्याय उभा राहिला. हे सगळं व्हायला हवं. माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण लांबचा माल पश्चिमेकडे सरकू लागला की बऱ्हाणपूर-सिरोंजचं जे झालं, ते आपलं व्हायला किती वेळ लागेल? पेन्सिल पुन्हा कुणाच्या तरी हातात आहे, आणि आपण नकाशाकडे पाहतही नाही आहोत.

इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून जुनी दप्तरं मिळवली, आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ १९२७ पासून या गावात उभं आहे. कागद जपायची रीत धुळ्याला ठाऊक आहे. आता एक जिवंत रस्ता जपायचाय. मी पाहिलेल्या बहुतेक नव्या फलकांवर आकडा ठळक आहे आणि रस्त्याचं नाव नाही. क्रमांक बदलत राहतील. नाव टिकलं तर निदान हा एक रस्ता आहे, याचं भान टिकेल, आणि ते भान असलं तरच कुणी घाटाचा वर-खाली मिळून विचार करील.

दाराशी टेबलावर एक अर्ज ठेवलाय. त्यात दोनच मागण्या आहेत. पहिली, मुंबईपासून आग्र्यापर्यंत प्रत्येक फलकावर क्रमांकाखाली 'मुंबई-आग्रा महामार्ग' हे नाव असावं. दुसरी, सेंधवा ते पळासनेर हा उतार दोन्ही राज्यांनी एकच घाट मानावा. माथ्यावर प्रत्येक भरल्या गाडीचे ब्रेक तपासावेत, आणि खाली तापलेल्या गाडीला वळून थांबायला चढाची वाट ठेवावी. अर्ज मुंबईला आणि भोपाळला, दोन्हीकडे जाणार आहे. घरी जाण्याआधी त्यावर सही करा, आणि तुमच्या घरात कुणी ट्रक चालवत असेल तर त्याची सही आधी घ्या.